येऊ दे झटका

शहापूरच्या दवाखान्यात स्नायूंतली वीज तपासणाऱ्या त्या बाई मूळच्या धसई गावच्या. तारांच्या गार पट्ट्या दर खेपेला आधी स्वतःच्या तळहातात उबवायच्या, मगच चिकटवायच्या.

आईचा उजवा हात अधूनमधून आपोआप उडायचा. पंगतीत सगळे दटावायचे, "हात आवर." पहिल्या तपासणीला नेमका तो हलेचना. आई ओशाळली.

"आवरू नको गो मावशे, येऊ दे. कसला झटका हाय ते यंत्रावरल्या रेघंवरनं कळंल." बाईंनी तिच्या हातात काठोकाठ भरलेला पेला दिला. हात उडाला, पाणी बाईंच्या साडीवर सांडलं, यंत्र लाह्या फुटाव्यात तसं तडतडलं. "आला गो बाय!" बाई खदखदून हसल्या. आईही हसली.

पुढे गोळ्यांनी हात शांत झाला. त्या हाताचं कौतुक झालेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.