आईला उठवायचं नाही

"तिला उठायची गरजच काय, मॅडम? सगळं दिवाणावर मिळतं तिला," मधुकरराव म्हणाले. त्यांच्या आई, चंद्रभागाबाई, दिवाणाच्या कडेला बसल्या होत्या आणि त्या उठतील म्हणून मी समोर ताटकळत उभी होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाशिकरोडला मी फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी बसत नसे; लोक मला सरळ 'मालिशवाल्या बाई' म्हणायचे. राग यायचा, पण मोपेडवरून घरोघर फिरणाऱ्या बाईने किती जणांवर रागवायचं? चंद्रभागाबाई बाथरूमपाशी पडल्या होत्या. एक्स-रे नॉर्मल होता. तरी उठेनात, म्हणून डॉक्टरांनी मला पाठवलं होतं.

मी त्यांना माझी दोन बोटं दाबायला सांगितली. हाताच्या पकडीवरून सगळ्या अंगाच्या ताकदीचा अंदाज येतो. पकड जवळजवळ नव्हतीच. मग धरून थोडं चालवलं आणि चालता चालता विचारलं, "आजी, आज भाजी कोणती होती?" त्या थांबल्या. विचार करत राहिल्या. उत्तरही आलं नाही आणि पुढचं पाऊलही पडलं नाही.

अंगात बळ असलं की माणूस चालता चालता बोलतो. बळ गेलं की नुसतं उभं राहण्यातच सगळं लक्ष जातं. शरीर वापरलं नाही तर डोकंही मंदावतं, आणि डोकं मंदावलं की माणूस आणखीच बसून राहतो. आता याला फ्रेल्टी म्हणतात.

"विसरतात का?" मी विचारलं.

"कधी कधी मला मामाच्या नावानं हाक मारते. वय झालं आता."

"सत्तरीसुद्धा नाही त्यांची. रोज चालवा. हाताला काम द्या. भाकऱ्या थापू द्या."

मधुकररावांचा चेहरा उतरला. ते सरकारी ऑफिसात क्लार्क होते. वडील लवकर गेले. आईने चांदवडकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडून त्यांना शिकवलं. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी आईची खडी वाहायची पाटी विहिरीत फेकली आणि सांगितलं, यापुढे इकडची काडी तिकडे करायची नाही. एकदा त्यांच्या बायकोने सासूला पीठ मळू दिलं, तर तिलाच बोलणी बसली होती.

"मॅडम, तुमच्या आईनं कधी खडी फोडली?"

"नाही."

"मग तुम्हाला नाही कळायचं."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. पण आजींच्या पायांना त्याचं काय?

सून माझ्या बाजूने होती. नवरा ऑफिसला गेला की आम्ही दोघी आजींना उठवायचो. हळूहळू त्या काठी धरून गल्लीच्या टोकाच्या विहारापर्यंत जाऊ लागल्या. एके दिवशी परातीपुढे बसवलं, तर हात आपोआप फिरायला लागले.

"लय दिसांनी पिठाला हात लागला गं," त्या सुनेला म्हणाल्या. "मधू कधी यायचा? त्याला गरम भाकर लागती."

मुलाचं नाव बरोबर आलं होतं. मला फार बरं वाटलं.

नेमके मधुकरराव त्या दिवशी लवकर घरी आले. आई चुलीपुढे, कपाळावर घाम. ते ओरडले नाहीत. आईचे पिठाचे हात त्यांनी स्वतः धुतले, तिला दिवाणावर नेऊन बसवलं. मग मला म्हणाले, "मॅडम, उद्यापासून नका येऊ."

पावसाळा संपता संपता त्यांनीच बोलावलं. आजी आता अंथरुणातच होत्या. गुडघे वाकलेल्या अवस्थेत आखडले होते. नजर कुणावरच ठरत नव्हती.

"तुम्ही म्हणाल ते काम करू देतो तिला," मधुकरराव म्हणाले. "फक्त उठवा." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच वाकून आईला दंडाला धरलं. "आई, ऊठ ना गं."

आजींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हात जोडले.

"उठते मुकादम, उठते. अंगात ताप हाय. आजचा खाडा मांडू नका."

मधुकरराव आईचा दंड धरून तसेच खाली बसले.

आजी पुन्हा उठल्या नाहीत. थंडीत गेल्या. मधुकररावांचा मला राग यायला हवा होता, पण अजूनही वाईटच वाटतं.

तेव्हापासून प्रत्येक घरी मी पहिल्याच दिवशी सांगते, आईला जपा, पण तिच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नका. सगळे मान डोलावतात. पुढच्या वेळी जाते तेव्हा दिवाणावर आणखी मऊ गादी आलेली असते.