मी लेकीच्या घरी जेवलो नाही

हे मी कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलाही कळू दिलं नाही. आता तुम्हाला सांगतो — आणि सांगताना स्वतःचाच राग येतो, हेही आधीच सांगून ठेवतो.

इंग्रजी अमदानीत मी वाशीमच्या कोर्टात असेसर होतो. खटला ऐकायचा आणि आरोपी दोषी की निर्दोष, ते जज्जसाहेबाला सांगायचं. असे आम्ही तिघे. आरोपी किसन, वर्षाच्या बोलीवरचा गडी. मालकाची कडब्याची गंजी पेटवली, हा आरोप. पेटवताना कुणी पाहिलं नव्हतं. किसन सुटणार, असं आम्हा तिघांनाही वाटत होतं.

माझी लेक कोर्टाजवळच दिलेली. पण तिला मूल नव्हतं — आणि मूल होईस्तोवर लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. केवढा काटेकोर मी! दुपारच्या सुट्टीत तिनं ताट वाढलं, तर उंबऱ्यातूनच परतलो. आणि जेवलो कुठे? शेजारी, किसनच्या मालकाच्या मेहुण्याकडे. तो कोण, हे मला ठाऊक होतं. असेसरानं खटल्याबद्दल बाहेर बोलू-ऐकू नये, हेही ठाऊक होतं. मग गेलो कशाला?

"पाटील," तो वाढता वाढता म्हणाला, "त्यानं पयलेबी एक गंजी जाळली हाये. कोर्टात हे कोनी सांगून नाही राह्यलं."

मी ताटावरून उठलो नाही. वांग्याची भाजी आणखी मागून घेतली.

"बाहेर कुणी काही बोललं का?" साहेबानं विचारलं. मी म्हणालो, नाही. मग म्हणालो, दोषी. पाटीलच म्हणतो म्हटल्यावर बाकीचे दोघेही दोषी म्हणाले. किसनला सात वर्षं सक्तमजुरी. आमचं मत साहेबावर बंधनकारक नव्हतं — अशी स्वतःची समजूत पुष्कळदा घातली. पण निकाल देताना साहेबानं आमच्याच मताचा आधार घेतला होता, त्याचं काय?

दोन वर्षांनी एका लग्नात तो मेहुणा भेटला. ती पहिली गंजी कुणाची, मी विचारलं.

"कोन जाने," पानाला चुना लावत तो म्हणाला. "मले कोनीतरी सांगतलं होतं."

तेव्हाही मी कोर्टाची पायरी चढलो नाही. पाटलाचा शब्द खोटा पडेल, याची भीती.

चौथ्या वर्षी लेकीला मुलगा झाला. बारशाला मी तिच्या घरी पहिल्यांदा पोटभर जेवलो. नेम पाळावा तर पाटलांनी, असं व्याही चारचौघांत म्हणाले. मी ऐकून घेतलं. किसनची अजून तीन वर्षं बाकी होती.