चपलांचा मॉल

दार बाहेरून बंद होतं आणि फटीतून धूर आत येत होता. हाका मारून माझा घसा बसला, पण खाली जनरेटर चालू होता. त्या घरघरीत माझी हाक मलाच धड ऐकू येईना. मॉलच्या वरच्या मजल्यावरची ती माझी सामानाची खोली, तिला खिडकी नव्हती. शेजारच्या साड्यांच्या दुकानात दिवाळीच्या माळांची वायर पेटली होती, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की डोळे उघडवत नाहीत. देव वगैरे काही आठवला नाही. अस्तराचं कापड तोंडावर धरून मी जमिनीवर बसले आणि कडी लावणाऱ्याला शिव्या घातल्या.

ती कडी येऊन काढणारी जुबेदा गेल्या महिन्यात गेली. तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात धुतले, रिक्षा केली आणि गेले. आता तिचा भाचा हनीफ मागे लागला आहे, की तुम्ही पेपरात लिहा. मी चौथी शिकलेली बाई. पण दुसऱ्या कुणी गोड गोड लिहिण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं. जुबेदा गोड नव्हती.

ती माहेरची दाभोळची, लग्न होऊन रत्नागिरीत आली. नवरा दुबईला. अठ्ठ्याण्णव साली त्याची सगळी कमाई घालून त्यांनी हा दोन मजल्यांचा मॉल बांधला. मॉल हा शब्दच गावाला नवीन होता. आम्ही ‘जुबेदाची बिल्डिंग’ म्हणायचो. हनीफ मुंबईला कपड्यांच्या मोठ्या दुकानात होता, त्याला तिने मॅनेजर म्हणून आणला. खालचे गाळे लगेच गेले. वर चढायला कुणी तयार नव्हतं. जुबेदा मला म्हणाली, तू फॉल-पिकोचं मशीन घेऊन वर बस, तुझ्या मागून येतील. मी बसले. मागून कुणी आलं नाही... जुबेदाच्या नवऱ्याचा निरोप आला की वरचा मजला भरला नाही तर सगळी बिल्डिंग लॉजला देऊन टाकू, घेणारा तयार आहे. जुबेदाला लॉज नको होता. तिने दुबईच्या मॉलमध्ये बघितलं होतं, बायका नुसत्या बसलेल्या असतात, काही घेत नाहीत, आणि कुणी त्यांना ऊठ म्हणत नाही. तसली जागा तिला इथे हवी होती.

माणसं यायची, पण दारात चपला काढायची. पांढऱ्याशुभ्र लाद्या, त्यावर आपल्या इथली तांबडी माती. कुणाची हिंमत होणार? सावर्ड्याहून लग्नाचा बस्ता घ्यायला आलेली मंडळी म्हाताऱ्यांसकट ओळीने चपला काढून आत गेलेली मी पाहिली आहेत. हनीफला लाज वाटायची. त्याने बोर्ड लावला, ‘कृपया चपला काढू नयेत’. लोकांनी तो वाचला आणि बोर्डाखाली चपला नीट जोडीने ठेवायला सुरुवात केली. मग तो दारात उभा राहून सांगू लागला, तर बायका बाहेरूनच परत जायला लागल्या.

“खाला, हा मॉल आहे, दर्गा नव्हे,” तो जुबेदाला म्हणाला.

“चपला काढलेला माणूस लगेच जात नाय रे,” जुबेदा म्हणाली. “घरात काय नि दुकानात काय.”

तिने बोर्ड काढला आणि दाराबाहेर लोखंडी रॅक बसवला. वर माझ्या दुकानासमोर चटया टाकल्या, पाण्याचा माठ ठेवला. मे महिन्यात त्या लाद्या अनवाणी पायांना अशा गार लागायच्या की एसटीची वाट बघणाऱ्या बायका स्टँड सोडून आमच्याकडे येऊन बसू लागल्या. बसल्या की गप्पा, गप्पा झाल्या की भूक, आणि मग साडी तरी घेतील नाहीतर ब्लाउज तरी शिवायला टाकतील. वरचे गाळे भरले. गावाने नाव ठेवलं ‘चपलांचा मॉल’. हनीफने कपाळावर हात मारला, पण भाडी वेळेवर यायला लागल्यावर तोही चपला नीट लावून ठेवू लागला.

जुबेदा स्वतः रॅकजवळ खुर्ची टाकून बसायची. गुडघे गेलेले, जिना कधी चढायची नाही. मला चपला चोरीला जायची भारी धास्ती, देवळातसुद्धा मी त्या पिशवीत घालून नेते. फक्त जुबेदाच्या रॅकवर निश्चिंत ठेवायचे. डाव्या चपलेचा अंगठा मी निळ्या दोऱ्याने शिवलेला, त्यावरून ती रोज मला हसायची.

आगीच्या दिवशी दुपारी हनीफने माझ्या खोलीला सवयीने कडी लावली. मी आत कापडाचा गठ्ठा शोधत होते हे त्याला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने आरडाओरडा झाला, सगळी माणसं खाली पळाली. आणि आपली माणसं कशी असतात... बाहेर पडल्यावर चपला आठवल्या, तशी दाराशी परत गर्दी. जुबेदाने सगळ्यांना मागे हटवलं आणि रॅकवरची एकेक जोडी ज्याच्या त्याच्या हातात देऊन पिटाळलं. शेवटी एकच जोडी उरली. निळा दोरा.

हनीफ म्हणाला, सुमनमावशी घाबरून तशीच पळाली असेल.

“ती?” जुबेदा म्हणाली. “ती माझ्या मयताला पण चपला मांडीवर घेऊन बसल. आत आहे ती.”

ओढणी भिजवावी तर माठ वर होता, म्हणून तिने खालच्या चहावाल्याची बादली डोक्यावर ओतून घेतली आणि ते गुडघे घेऊन जिना चढली. हनीफ ओरडत मागे. कडी निघाली तेव्हा मला धुरात एक ओली, जाडजूड बाई दिसली. तिने माझा दंड धरला आणि पहिलं काय म्हणाली असेल? “शिव्या खालपर्यंत ऐकू येतायत गो.” ते खोटं होतं, जनरेटर चालू होता. जिन्यात तिने मला पुढे ढकललं.

वरच्या भिंती काळ्या झाल्या. नवरा दुबईहून आला, म्हणाला, आता तरी विकू. पण भिंती धुवायच्या आतच बायका दाराशी आल्या, चपला रॅकवर ठेवल्या आणि विचारलं, चटया जळल्या काय? तो परत दुबईला गेला.

तिच्या मयताला मी चपला पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसले. बायका बघत होत्या. बघू देत. हनीफ मात्र पिशवी बघून आधी हसला, मग तोंड फिरवून उभा राहिला.

मॉलमध्ये वर आता कॉम्प्युटरचा क्लास आहे. मुलं बूट घालून थेट वर जातात. रॅकवर हेल्मेटं असतात, छत्र्या असतात. खुर्ची रिकामी असते, तरी मी गेले की चपला तिथेच ठेवते.

त्या दिवशी आत होती तेवढी सगळी माणसं जिवंत बाहेर आली. माझ्यामागून जुबेदा, सगळ्यांत शेवटी.