चरख्यांचं तेल

सेवाग्रामच्या रस्त्यावर चरखे दुरुस्त करणारे काका दिसण्याआधी ऐकू येतात. गावभरच्या चाकांना तेल देतात, स्वतःची सायकल मात्र कुईकुई करते. ‘तिले तेल देल्लं तर लोकायले कसं समजन, मी आलो म्हणून?’

पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी बारा जुन्या चरख्यांच्या कुरकुरीचं संगीत सादर केलं होतं. यंदा तेच पुन्हा करायचं ठरलं. काकांनी चरखे मांडून दिले. प्रयोग सुरू झाला, चाकं फिरली आणि आवाजच नाही.

‘लय कुरकुरून राह्यले होते, सकायीच तेल देल्लं,’ काका अभिमानानं म्हणाले.

आमचे चेहरे पाहून ते बाहेर गेले आणि सायकल घेऊन आले. चरख्यांभोवती कुईकुई फेऱ्या मारू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या थांबल्या, तरी काका उतरेनात. मी उतरा म्हटलं.

‘काऊन? आता कुठं समजलं लोकायले, मी आलो म्हणून!’