सटवाईचं हसू

गोडदेवच्या आमच्या घरात तेव्हा कोणी साधं शिंकलं तरी माझं डोकं फिरायचं. माझ्या तान्ह्या मुलाला एपिलेप्सी होती. औषधाने आकडी आटोक्यात होती, पण व्हायरल ताप आला की ती उलटू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या औषधाने म्हणा की आजाराने, पोर अगदी गप्प झालं होतं. हसायचंच नाही.

एवढं जपूनही नवऱ्याने ऑफिसातून सर्दी आणलीच. पाठोपाठ मुलाचं अंग तापलं, आणि भर दुपारी तो पाळण्यात हसला. माळ्याच्या कोपऱ्याकडे बघून, खुदुखुदु. सासूबाई रत्नागिरीच्या. त्यांनी लगेच हात जोडले.

"सटवाई खेळवतेय गो त्याला."

बाळांना हसवते-रडवते ती सटवाई, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. मला इतका आनंद झाला की व्हिडिओ काढून मी नणंदेला पाठवलासुद्धा.

थोड्या वेळाने तो पुन्हा हसला. तेवढंच, अगदी तसंच. मी पाळण्यावर वाकून त्याच्या नजरेसमोर आले, तरी तो माझ्या आरपार बघत हसत राहिला. तोंड हसत होतं आणि डोळ्यांत कोणीच नव्हतं. मी वळून खरंच माळ्याकडे पाहिलं. तिथे गणपतीच्या मखराचं खोकं होतं, बाकी काही नाही.

डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला. हीसुद्धा आकडीच, म्हणाले, तापात जोर धरते.

"कानाशी चुटकी वाजवून बघा. खरं हसू थांबतं, हे थांबत नाही."

ताप उतरेपर्यंत त्यांनी आम्हाला दवाखान्यातच ठेवून घेतलं. ताप गेला, तसं हसूही गेलं. घरी आल्यावर सासूबाई माळ्याकडे बघायचं टाळायच्या. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या हसण्याची आठवण यायची.

मग एका सकाळी मी त्याचं दुपटं झटकत होते, तर तो खुदकन हसला. मी धावत जाऊन त्याच्या कानाशी चुटकी वाजवली. तो दचकला, माझ्याकडे बघून त्याने ओठ काढले आणि भोकाड पसरलं.

हसत्या पोराला रडवलं म्हणून सासूबाई माझ्यावर भडकल्या.

"रडू दे त्याला, आई," मी म्हटलं, आणि त्याला उराशी धरून मीच हसत सुटले.