कमरेला बांधलेला लाकडी बैल

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी आसगावात मी शिलाईकाम करायची. शेजारी सुतारमामांचं घर. हात-पाय अधू असलेल्या पोरांची खेळणी त्यांना खेळता येतील अशी करून द्यायचा नाद आम्हा दोघांना लागला होता. कुणाच्या खुळखुळ्याला जाड मूठ, कुणाच्या चेंडूला पट्टा. हौसेचं काम, दुसरं काय!

एकदा पोळ्याच्या आधी गल्लीतली सात वर्षांची एक पोर हातांवर सरकत माझ्या दारी आली. पोलिओनं तिचे पाय गेले होते.

"मावशी, तान्ह्या पोळ्यात माहा बैल मलेच न्याचा हाये."

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत मिरवायचा सण. दरवर्षी तिचा बैल तिचा भाऊ घरोघर फिरवायचा आणि मिळालेला बोजारा, म्हणजे खाऊ, तिला आणून द्यायचा. मागच्या साली तिनं तो खाऊ फेकून दिला होता.

मामांनी बेअरिंगची चाकं लावून बुटका पाट केला, रेटायला हातात दोन ठोकळे दिले आणि पाटाच्या पुढे बैल ठोकून बसवला. मी गादी शिवली. आम्ही अशा खुशीत, की विचारू नका!

पोरीनं पाहिलं नि भोकाडच पसरलं. "हा तं मलेच ओढून राह्यला! साऱ्यायचे बैल मागून येते!"

मामांनी कपाळावर हात मारला. जन्मभर बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवलेला माणूस, बैल दिसला की पुढेच जुंपणार. मी भडकले. "मामा, पोरीले एकदा इचारलं असतं तं?"

"तुनं काहून नाही इचारलं?"

मलाही कुठं सुचलं होतं! मीही शेतकऱ्याचीच लेक.

दुसऱ्या दिवशी बैल सुटा केला. मी तिच्या कमरेला खाटेच्या नवारीचा पट्टा शिवला, त्याला मागे बैलाची दोरी. वळून न पाहता बैल येतोय हे कळावं म्हणून त्याच्या गळ्यात घुंगरं.

तान्ह्या पोळ्याला ती निघाली. मी दहा हात मागे. हात लावायचा नाही, अशी तिची ताकीद होती. पहिल्याच दारी घरच्या बाईंनी बैलाला टिळा लावला आणि खाऊची पुडी माझ्यापुढे धरली. सांगायला लाज वाटते, पण माझा हातही पुढे गेला.

"काकू!" पोर खालून ओरडली, "बैल माहा हाये. बोजारा मले!"

बाई खाली बसल्या नि पुडी तिच्या ओटीत घातली. मी तिथंच उभी राहून आनंदानं रडले. ती काही थांबली नाही. तिला अजून अख्खी गल्ली करायची होती.