गरम पाय

ऑपरेशन थिएटरातल्या वॉर्डबॉयला सगळे पांघरूणमामा म्हणत. भूल चढली की माणसाचे स्नायू सैल पडतात, रक्त कातडीकडे पसरतं, अंगातली ऊब निघून जाते आणि कुडकुडणंही थांबतं. एवढी विद्या मामांनी बावीस वर्षं उभ्याउभ्या कमावली होती. म्हणून पेशंट झोपला रे झोपला की मामा तळपायाला हात लावणार आणि गरम पांघरूण चढवणार. नर्सबाई चिडवायच्या, "मामा, तुमचं बाळ झोपलं का?"

तीन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका मुलीचे पाय गार पडलेच नाहीत. उलट तापत गेले, पोटऱ्या लाकडासारख्या कडक झाल्या. मामा खूश! वरून आणखी एक पांघरूण टाकलं. अरे देवा, भुलीच्या गॅसनं पोरीचे स्नायू आतून पेटले होते! हजारोंत एखाद्याला होतं असं, आणि ते घराण्यातून येतं. डॉक्टरांच्या लक्षात येईपर्यंत वेळ गेली. पोर गेली. घरच्यांना एवढंच सांगितलं, की हृदय बंद पडलं. मामा मूग गिळून बसले. वॉर्डबॉयला विचारतंय कोण?

परवा सकाळी अपेंडिक्सची एक मुलगी स्ट्रेचरवरून आली. सोबतच्या आईला मामांनी बघताच ओळखलं. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या पोरीची आई. म्हणजे ही धाकटी! फॉर्मवर 'घरात कुणाला भुलीचा त्रास?' यापुढे 'नाही' लिहिलेलं. आईचं तरी काय चुकलं? मोठीचं हृदय बंद पडलं होतं ना!

भूल देणाऱ्या मॅडम नव्या होत्या. मामा दारातच त्यांना आडवे आले.

"मॅडम, हिला तो गॅस नको. हिची बहीण याच टेबलावर गेली. अंग नुसतं भाजत होतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच हात लावला होता. पाय गरम लागले, पण मी बोललो नाही. पांघरूण घातलं."

आई दोन पावलांवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मॅडमनी तो गॅस बंद ठेवला, शिरेतून दुसरी औषधं दिली. तासाभरात मुलगी सुखरूप बाहेर आली. तळपाय गार पडले होते. मामांना इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. ते पांघरूण घेऊन पुढे झाले.

आईनं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं.

"तुम्ही नको," ती म्हणाली.